कंदकुर्ती : मांजरा जेथे गोदेला मिळते

सीमाप्रश्न म्हटला की आपल्या मराठी मनात बेळगाव, कारवार, निपाणी, खानापूर, फार तर बिदर आणि भालकी ही नावे उमटतात. महाराष्ट्राच्या पूर्वेकडेही एक सीमा आहे आणि तिच्या पलीकडेही मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, याचे स्मरण फारसे कोणाला होत नाही. या सीमेवर लाठीमार झाले नाहीत, हुतात्मे झाले नाहीत, म्हणून तिचा इतिहासही लिहिला गेला नाही. अशा या अबोल सीमेवरचे एक लहानसे गाव आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. गावाचे नाव कंदकुर्ती. तेलंगणाच्या निजामाबाद जिल्ह्यात, रेंजल मंडलात, जुन्या बोधन तालुक्यात ते वसलेले आहे.

गावाची जागा नकाशावर पाहिली तर तिचे महत्त्व लगेच ध्यानात येते. त्र्यंबकेश्वराहून निघालेली गोदावरी नाशिक, पैठण, गंगाखेड, नांदेड असा प्रवास करीत येथे महाराष्ट्राचा निरोप घेते आणि तेलंगणात शिरते. नैऋत्येकडून आलेली मांजरा येथेच तिला मिळते. हरिद्रा नावाचा एक लहान प्रवाह तिसरा मानून लोक या स्थळाला त्रिवेणी संगम म्हणतात. गावाच्या पश्चिमेस मांजरा ओलांडली की बिलोलीचा मुलूख, उत्तरेस गोदावरी ओलांडली की धर्माबादचा. दोन्ही महाराष्ट्रातले, नांदेड जिल्ह्यातले. प्रवाहाबरोबर थोडे खाली गेले की डाव्या काठावर बासरचे सरस्वती मंदिर, आणि ते पुन्हा तेलंगणात. दोन बाजूंनी महाराष्ट्र आणि पाठीशी तेलंगण अशा कोपऱ्यात हे गाव आहे. सरकारी भाषेत त्याला सरहद्दीचे गाव म्हणतात. गावच्या लेखी मात्र ते नद्यांच्या मधोमध आहे.

मांजरेविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपल्या सीमाभागाची खरी कथा ह्या नदीतच आहे. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगररांगेत ती उगम पावते. बीड, धाराशिव, लातूर असा मराठी मुलूख भिजवून ती बिदर जिल्ह्यात कानडी मुलखात जाते, तेथून तेलंगणात मेदकाकडे वळते, आणि मग जणू काही विसरल्यासारखी उत्तरेला तोंड करून पुन्हा महाराष्ट्राच्या कडेकडेने गोदावरीकडे येते. सुमारे सव्वासातशे किलोमीटरांच्या या प्रवासात तिला तीन राज्ये आणि तीन राजभाषा लागतात. मराठीत ती मांजरा, तेलुगूत मंजीरा. संस्कृतज्ञांनी तिच्या नावात ‘मंजीर’ म्हणजे पैंजण ऐकले. आम्ही मराठवाड्याची माणसे मात्र मांजरा म्हणतो आणि पैंजणाचा विचारही करीत नाही.

मी हैदराबादेत राहतो. १९६०च्या दशकापासून या शहराच्या नळांना मांजरेचे पाणी येऊ लागले. पुढे सिंगूर जलाशयातूनही ते आले. आता कृष्णेचे आणि गोदावरीचेही पाणी येते. पण कित्येक वर्षे हैदराबादचा मराठी माणूस आपल्या घरच्या नळाला बीड-लातूरकडचेच पाणी भरीत होता, आणि हे त्याच्या गावीही नव्हते. त्याआधी १९२३ ते १९३१ या काळात याच नदीवर निजामसागर बांधला गेला. नवाब अली नवाज जंग हे त्याचे अभियंते. त्या कालव्यांवर निजामाबाद-बोधनकडची जमीन ओलिताखाली आली, ऊस आला, आणि १९३७ साली बोधनला निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. आशियातील सर्वांत मोठ्या साखर कारखान्यांपैकी एक म्हणून एके काळी तिचे नाव घेतले जाई. २०१५च्या अखेरीस तिची धुरांडी विझली. कंदकुर्तीला जाताना वाटेत हा कारखाना लागतो. त्याच्या वसाहतीचे नाव अजूनही शक्करनगर आहे.

आता संगमाकडे येऊ. गावाची मुख्य खूण म्हणजे नदीच्या पात्रात उभे असलेले काळ्या दगडाचे जुने शिवमंदिर. पावसाळ्यात आणि त्यानंतर बरेच महिने ते पाण्यात असते. उन्हाळा चढू लागला की पाणी उतरते आणि मंदिर हळूहळू बाहेर येते. पूर्वी हे केवळ पुरावर अवलंबून असे. २६ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पोचमपाड प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्यालाच आज श्रीरामसागर म्हणतात. धरण कंदकुर्तीच्या बरेच खाली आहे, पण त्याच्या जलाशयाचा फुगवटा बासर ओलांडून येथपर्यंत येतो. तेव्हापासून मंदिराच्या दर्शनाचे पंचांग धरणाच्या पाणीपातळीवर ठरू लागले. देव पाण्यात असतो तेव्हा लोक काठावरून हात जोडतात. एरवी वाळूतून चालत जातात. हीच वाळू अलीकडे मांजरेच्या दोन्ही काठांवरच्या उपशाची धनी झाली आहे, हेही येथे नमूद करून पुढे जातो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

गोदावरीला आम्ही मराठवाड्यात गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हटले की काशीला नव्हे, गोदावरीला, हे पोरालाही कळते. गंगाखेड, गंगापूर, गंगथडी ही नावे त्यातूनच आली. तेलंगणातही काठावरचा माणूस गोदावरीला ‘गंगम्मा’ म्हणून हाक मारतो. नदीच्या नात्याने दोन्ही भाषा किती जवळ आहेत याचा आणखी स्पष्ट दाखला पर्वणीत मिळतो. बृहस्पती सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच गुरुबदलाला तेलुगू लोक गोदावरीचे पुष्कर म्हणतात आणि बारा दिवस नदीकाठी स्नान-श्राद्धे करतात. २०१५ साली १४ जुलैला नाशिकच्या रामकुंडावर सिंहस्थाचे ध्वजारोहण झाले, आणि त्याच दिवशी कंदकुर्ती, बासर, धर्मपुरी, राजमहेंद्रीपर्यंतच्या घाटांवर पुष्कर सुरू झाले. एकच नदी, एकच ग्रह, एकच तिथी. एका राज्याच्या वृत्तपत्रांत सिंहस्थाची छायाचित्रे होती, दुसऱ्याच्या वृत्तपत्रांत पुष्कराची; आणि कंदकुर्तीच्या घाटावर महाराष्ट्रातून आलेले लोक मराठीत संकल्प सोडीत होते व तेलंगणातले तेलुगूत. पाणी मात्र त्यांच्यात वाटून दिलेले नव्हते. (पाण्याची वाटणी कोर्टात झाली, तिकडे पुढे येतो.)

या प्रदेशाचा जुना इतिहास पाहिला तर भाषिक मालकीचे दावे फारच अलीकडचे आहेत असे दिसते. बौद्ध ग्रंथांतील सोळा महाजनपदांपैकी अस्सक अथवा अश्मक हे एकच दक्षिणेत, गोदावरीच्या खोऱ्यात होते. त्याची राजधानी पोतन अथवा पोदन म्हणजेच आजचे बोधन, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कंदकुर्तीहून बोधन हाकेच्या अंतरावर आहे. सुत्तनिपातातील बावरी नावाचा ब्राह्मण अस्सकांच्या प्रदेशात गोदावरीकाठी राहत होता आणि त्याने आपले शिष्य बुद्धाकडे पाठवले, अशी कथा आहे. म्हणजे बुद्धाची कीर्ती दक्षिणेत प्रथम जेथे पोहोचली, तो हाच टापू. पुढे वेमुलवाड्याच्या चालुक्यांचा आरंभ बोधनपासून झाला, आणि त्याच घराण्यातील दुसऱ्या अरिकेसरीच्या दरबारात कन्नडचा आदिकवी मानला जाणारा पंप होता. तेलुगू मुलखातील राजाच्या पदरी कन्नड कवी, आणि ही सारी भूमी गोदावरीकाठची. आजच्या भाषावार नकाशावर हे बसवायचे तर कोणता रंग द्यायचा?

आपल्या मराठीची पूर्वज जी महाराष्ट्री प्राकृत, तिच्यातील हालाच्या गाथासप्तशतीत गोदावरीचे नाव पुन्हा पुन्हा येते. तेलुगू अभ्यासक त्याच ग्रंथात तेलुगूशी जुळणारे शब्द दाखवतात. यावर भांडण्याचे कारण नाही. मराठीतील ‘पोट’ तेलुगूत ‘पोट्ट’ आहे, आपला ‘चेंडू’ तेथेही ‘चेंडु’ आहे, आपले ‘पिल्लू’ त्यांच्या ‘पिल्ल’ला भेटते, ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ तर सगळ्या दक्षिणेचेच. आपला पोळा श्रावणी अमावास्येला, त्यांची ‘पोलाल अमावास्या’ त्याच दिवशी. आपला पाडवा आणि त्यांची उगादी एकाच सूर्योदयाला. शके एक, अमान्त महिने एक. ज्यांना हे शेजार शास्त्रीय पद्धतीने तपासायचे त्यांना या काठावर भरपूर सामग्री आहे. आपल्या विद्यापीठांतून बोलींचे सर्वेक्षण करणाऱ्यांनी धर्माबादला उतरून पूल ओलांडण्याचे कष्ट घेतले पाहिजेत.

गावाचे नावही बोलके आहे. ‘कुर्ती’ हा शेवट तेलंगणात अनेक गावांच्या नावांत सापडतो: पालकुर्ती, कल्वकुर्ती, गोदावरीतल्या बेटावरचे बादनकुर्ती. तेव्हा कंदकुर्ती हे नाव तेलुगू घडणीचे आहे, हे मराठी माणसाने मोकळेपणाने मान्य करावे. परंतु या तेलुगू नावावरून आलेले ‘कंदकुर्ते’ हे आडनाव नांदेडकडे मराठी घरांत ऐकू येते. नाव तेलुगू, त्याला लागलेला प्रत्यय मराठी, आणि त्या घरातील माणूस नखशिखांत मराठी. याच्या उलटही आहे. विदर्भ-मराठवाड्यात ‘वार’ने संपणारी आडनावे विपुल आहेत, त्यांतील हा ‘वार’ म्हणजे तेलुगूतील ‘वारु’, अमुक घरचे लोक अथवा आदरार्थी ‘राव-जी’ सारखा. मूळ तेलुगू मुलखातून आलेली ही कुटुंबे दोन-तीन पिढ्यांत मराठी झाली आणि आडनावाच्या शेपटीला आपला जुना पत्ता तेवढा बांधून राहिली.

या आडनावांपैकी एका घराण्यामुळे कंदकुर्तीचे नाव देशभर पोहोचले आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांचे मूळ घराणे कंदकुर्तीचे. वेदाध्ययन करणारे हे देशस्थ ब्राह्मण कुटुंब भोसल्यांच्या आश्रयाला नागपूरला गेले. डॉक्टरांचा जन्म तेथेच, १८८९च्या वर्षप्रतिपदेला झाला. आज गावात त्यांच्या पूर्वजांच्या वास्तूच्या जागी स्मारक आहे आणि ते पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. डॉक्टरांच्या राजकीय कार्याविषयी वाचकांची मते अनुकूल असोत वा प्रतिकूल, तो या लेखाचा विषय नव्हे. भाषेच्या दृष्टीने या स्थलांतराकडे पाहावे. गोदावरीकाठचे तेलुगू मुलखातले विद्वान कुटुंब नागपूरच्या मराठी दरबाराच्या आसऱ्याला जाते आणि पुढे मराठीच होऊन जाते, ही त्या काळची सर्वसाधारण घटना होती. त्यासाठी कोणी परवाना मागितला नाही आणि कोणी ‘परप्रांतीय’ म्हणून हिणवलेही नाही.

निजामी अमलात या दोन भाषांचे नाते कागदोपत्री कसे गुंफले गेले, हे मला माझ्या व्यवसायात दररोज दिसते. हैदराबादच्या न्यायालयांत जमिनीचा दावा लढवायचा तर जुने महसुली दप्तर उघडावेच लागते. त्यात पहिला कागद बहुधा १९५४-५५ची ‘खासरा पहाणी’. हा ‘पहाणी’ शब्द आपली ‘पाहणी’च. त्याच्या मागे जावे तर ‘सेत्वार’ लागतो. म्हणजे आपले ‘शेतवार’. मोजणीदाराच्या नकाशाच्या टाचणाला येथे ‘टिपण’ म्हणतात. गुरांसाठी राखलेली जमीन ‘गायरान’. निजामाच्या राज्यात जमीनमोजणी आणि जमाबंदी मुंबई इलाख्याच्या पद्धतीवर बसवली गेली, आणि पद्धतीबरोबर शब्दही आले. दरबारची भाषा आधी फारसी, १८८४ पासून उर्दू, रयतेची तेलुगू, आणि शेताच्या बांधावर उभे राहून लिहिलेले शब्द मराठी. आज तेलंगणाचा शेतकरी संगणकावर आपली ‘पहाणी’ काढतो, तेव्हा तो नकळत एक मराठी शब्द उच्चारतो. माझे तेलुगू भाषक सहकारी याला उर्दू समजतात. मी त्यांना दोनदा सांगून पाहिले. आता हसतो आणि सोडून देतो.

मात्र या नात्याची दुसरी बाजूही सीमाभागातील मराठी कार्यकर्त्याने वाचली पाहिजे. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठीतील भाषणे सुरळीत झाली. अलमपल्ली वेंकटरामाराव हे वकील तेलुगूत बोलावयास उठले तेव्हा सभेतील बहुसंख्य मराठी श्रोत्यांनी हुर्यो उडवली आणि त्यांना बोलू दिले नाही. त्या अपमानाने पेटलेल्या मोजक्या तरुणांनी लगोलग आंध्र जनसंघाची स्थापना केली. त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली आणि तेलंगणाच्या राजकारणाचे सारे वळण बदलले. संख्येने राज्यात तेलुगू भाषक सर्वाधिक. तरीही राजधानीतील सुशिक्षितांच्या सभेत त्यांना त्यांच्या भाषेत बोलता आले नाही, आणि अडवणारे आम्ही होतो. बेळगावात मराठी पाटी उतरवली जाते तेव्हा आपल्याला जे वाटते, ते त्या संध्याकाळी वेंकटरामारावांना वाटले असेल. हैदराबादच्या मराठी संस्थांच्या गौरवग्रंथांतून हा प्रसंग सहसा गाळला जातो. तेलुगू इतिहासग्रंथांत तो पहिल्या प्रकरणात असतो.

आता १९५६. फाजल अली आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य तीन तुकड्यांत वाटले गेले. सीमाप्रश्नाच्या अभ्यासकांनी राज्य पुनर्रचना अधिनियमातील या भागापुरती तरतूद बारकाईने वाचावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तिसऱ्या कलमान्वये निजामाबाद जिल्हा संपूर्णपणे आंध्र प्रदेशात गेला, आणि त्याच्याबरोबर कंदकुर्तीही. परंतु नांदेड जिल्हा संपूर्णपणे मुंबई राज्यात आला नाही. त्याच्या देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले, आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले तोडून आंध्रात घालण्यात आली. बासर ज्या मुधोळ भागात येते, तो तोवर नांदेड जिल्ह्यात होता. उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्यास मिळाले.

याचा कायदेशीर अर्थ काय? आयोगाने साधारणपणे जिल्हा हा घटक धरला होता. बेळगाव जिल्ह्याच्या बाबतीत संसदेने चंदगड तालुका तेवढा काढून बाकी जिल्हा म्हैसूरला दिला, आणि मराठी बहुसंख्येची शेकडो गावे तिकडे गेली. त्याच कायद्यात, त्याच दिवशी, नांदेड-आदिलाबादच्या सीमेवर मात्र तालुक्याच्याही खाली उतरून सर्कल हा घटक धरला गेला. म्हणजे जिल्ह्याहून लहान घटक धरणे अव्यवहार्य होते, हा युक्तिवाद त्या कायद्याच्याच मजकुरावर टिकत नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही सूत्रे मांडलेली आहेत. त्यांच्या समर्थनास आंध्र-मद्रास सीमेवरील पाटसकर निवाड्याचा दाखला नेहमी दिला जातो. मुधोळ-देगलूरचा हा दाखला आपल्याच घरचा असून आपण तो क्वचितच काढतो.

परंतु खेडे हा घटक धरण्याचे सूत्र कंदकुर्तीसारख्या ठिकाणी लावू गेल्यास त्याची मर्यादाही दिसते. जे गाव घरात एक भाषा बोलते, बाजारात दुसरी, आणि कचेरीत तिसरी. ज्याचे सोयरेसंबंध नदीच्या दोन्ही काठांवर आहेत. ज्याच्या नावाचे आडनाव पलीकडच्या राज्यात आहे, त्याला जनगणनेच्या एका रकान्यात बसवून त्याचे राज्य ठरवणे हे शेतीच्या बांधावरून नदीची हद्द काढण्यासारखे आहे. आणि लोकेच्छा? २०१८ साली धर्माबाद तालुक्यातील अनेक गावांनी ‘आम्हांला तेलंगणात घ्या’ अशी मागणी केली. तेलंगण सरकारने त्याच वर्षी शेतकऱ्यांना एकरी चार हजार रुपये हंगामी साहाय्य देणारी रयतुबंधू योजना सुरू केली होती, आणि पलीकडच्या काठावर ती दिसत होती. मराठी बोलणारी गावे मराठी राज्य सोडून जाऊ म्हणतात, तेव्हा भाषेच्या प्रेमाने सीमा ठरतात असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांच्यावर रागावण्याऐवजी त्यांचे रस्ते आणि वीजवाहिन्या पाहून याव्यात. मुंबईपासून फार दूर राहण्याची किंमत काय असते, हे सीमेच्या अलीकडच्या मराठी माणसालाही चांगले कळते.

लोकेच्छेपेक्षा पाण्याने या टापूत अधिक राजकारण घडवले. कंदकुर्तीच्या वर, सरहद्दीपासून सुमारे सात किलोमीटरांवर, धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. साठवण केवळ २.७४ टीएमसी. तो श्रीरामसागराचे पाणी अडवील या भीतीने आंध्र प्रदेशाने २००६ साली सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधारा पाहण्यास निघाले आणि धर्माबादजवळ महाराष्ट्र पोलिसांनी त्यांना अटक केली. त्या आठवड्यात या चिमुकल्या गावांची नावे देशाने प्रथम ऐकली. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी न्या. आर. एम. लोढा यांच्या पीठाने निकाल दिला. बंधारा राहील, परंतु १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याची दारे उघडी राहतील, आणि दर १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडले जाईल. देखरेखीसाठी समिती नेमली गेली.

तेव्हापासून दर वर्षी १ जुलैला दोन्ही राज्यांचे आणि केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी बाभळीवर जमतात आणि चौदा दारे उचलली जातात. पंचनाम्यावर सह्या होतात, चहा होतो, आणि प्रत्येकजण आपापल्या जीपने आपापल्या राज्यात परततो. सीमाप्रश्नावर दोन राज्यांचे अधिकारी इतक्या नियमाने भेटल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. वरून आलेले पाणी कंदकुर्तीच्या संगमावर मांजरेला मिळते आणि शिवमंदिर पुन्हा बुडू लागते.

राहता राहिला या काठावरच्या मराठीचा प्रश्न. मुधोळ, भैंसा, बिचकुंदा, जुक्कल, मदनूर, आदिलाबाद या पट्ट्यात मराठी घरोघरी आहे. मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत, पण मुले इंग्रजीकडे वळत आहेत आणि एकेका शाळेचा पट घसरत आहे. येथे जमीन मागण्याचा प्रश्न नाही. येथे आहे त्या कायद्याची अंमलबजावणी मागण्याचा आहे. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली घातलेल्या ३५०-अ अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, ही जबाबदारी राज्यावर टाकली. एका वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले त्या भाषेची असतील तर शिक्षक नेमावा, हा निकष त्याहून जुना, १९४९च्या शिक्षणमंत्री परिषदेपासूनचा. केंद्राच्या १९५६च्या निवेदनाने असेही म्हटले की जिल्ह्यात, नगरपालिकेत अथवा तालुक्यात एखादा भाषिक गट पंधरा ते वीस टक्के असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्याच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. हे अधिकार बेळगावच्या मराठी माणसासाठी आपण वारंवार मागतो. तेच अधिकार भैंसा-जुक्कलच्या मराठी माणसाला आहेत, आणि नांदेड-किनवटच्या तेलुगू भाषकालाही आहेत. दोन्ही काठांवरील पालकांनी अर्ज करताना दहा-चाळीसचा निकष आणि ३५०-अ यांचा स्पष्ट उल्लेख करावा, मुलांची नावे व वर्ग जोडावेत, पोच घ्यावी, आणि उत्तर न आल्यास ३५०-ब खालील भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे प्रत धाडावी. मसुदा हवा असल्यास मी मराठीत आणि तेलुगूत दोन्ही भाषांत तयार करून देईन.

कंदकुर्ती पाहावयाचे असेल तर हैदराबादहून निजामाबाद सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. जुनी माणसे त्याला अजून इंदूर म्हणतात. तेथून बोधन अथवा रेंजलच्या वाटेने संगमावर जाता येते. नांदेडकडच्या वाचकांनी धर्माबादला उतरून गोदावरीवरचा पूल ओलांडावा. बिलोलीकडून येणाऱ्यांसाठी मांजरेवरचा सालुऱ्याचा पूल आहे. वैशाखात जावे. मंदिर पाण्याबाहेर असते आणि वाळू सकाळी नऊपर्यंतच पायांना सोसते. पुढचे पुष्कर २०२७ साली आहे. त्या बारा दिवसांत मात्र काठावर पाय ठेवावयास जागा मिळणार नाही.